माळ्यावरच्या स्प्रिंगा

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कामावाचून कोणी जात नाही. पासपोर्ट काढायचा असला, कामगार रुग्णालयात कुणाला भेटायला जायचे असले, किंवा गाडी बिघडली, तरच आपल्यासारख्यांचे पाय तिकडे वळतात. गेल्या आश्विनात मी तिकडे गेलो तो यांपैकी कुठल्याच कारणासाठी नव्हे. आमच्या भाच्याने आपल्या मोटारीत पुष्कळ सुधारणा करून घेतल्या होत्या, आणि त्या आता काढून टाकायच्या होत्या.

"मामा, तुम्ही बरोबर चला. मला एकट्याला मिस्त्रींच्या समोर उभे राहायची लाज वाटते," तो म्हणाला.

भाचा चौतीस वर्षांचा आहे, घोडबंदर रस्त्याला बाराव्या मजल्यावर राहतो, संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. आणि शाळेत गणितात नापास झाला होता तेव्हासुद्धा त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. मी चहा अर्धा टाकून चपला घातल्या.

आता ही गाडी कुठली, ते आधी सांगितले पाहिजे. २ ऑक्टोबर २०२० रोजी महिंद्रांची नवी थार बाजारात आली आणि तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबायला तयार झाले. हिचे कूळ जुने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेने जी विलीज जीप जगभर पळवली, तिची ही नात. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीपा जुळवायला सुरुवात केली, आणि मामलेदार, फॉरेस्टवाले, कालव्यावरचे एंजिनियर आणि निवडणुकीचे उमेदवार यांना पाठीवर घेऊन त्या जीपांनी सारा महाराष्ट्र पालथा घातला. नात तयार होते नाशिकला. आजीसारखाच तिच्या चारही चाकांना जोर देता येतो, म्हणजे रस्ता संपला तरी गाडी संपत नाही. शिवाय आत गारवा, गाणी, आणि अपघात झालाच तर फुगून तोंडापुढे येणाऱ्या पिशव्या. भाच्याने ती २०२१ साली घेतली. ताईने ओवाळले, टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणले, आणि दीड वर्ष गाडी कारखान्यातून आली तशी गुण्यागोविंदाने चालली.

मग ऑफिसात एक नवा सहकारी आला. त्याचीही तीच गाडी. पण चार बोटे उंच.

आमच्या पणजोबांच्या काळी आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, यावर पुण्यात वाद झडत. भाच्याच्या मित्रमंडळींत आधी टायर की आधी स्प्रिंगा, यावर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत खल होऊ लागला. शेवटी आधी स्प्रिंगा झाल्या, मग टायर झाले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर बाकीच्या सुधारणा आपोआप दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढचा बंपर लोखंडी झाला. त्या बंपरात दोरखंड गुंडाळणारी विजेची विंच बसली. बॉनेटच्या बाजूने काळे नळकांडे वर निघाले, त्याला स्नॉर्केल म्हणतात. टपावर लोखंडी कॅरियर आले, आणि कॅरियरच्या पुढे दिव्यांची लांब पट्टी. या सगळ्याला किती खर्च आला तो आकडा ताईला अद्याप सांगितलेला नाही. तिच्या घरी हा अंक जातो, म्हणून मीही इथे छापत नाही.

एवढी सिद्धता करून तो गेला कुठे, असे कुणी विचारील. रोज सकाळी घोडबंदर रस्त्याने ऑफिसला गेला. महिन्यातून एखादा रविवार मुरबाडकडे कुठल्या तरी ओढ्यात. बाकी मॉल, मुलीची शाळा आणि सासुरवाडी.

त्यातही मॉल बंद झाला. मूळची गाडी सहा फुटांहून किंचित उंच. स्प्रिंगांनी तीन इंच चढवले, टायरांनी एक, कॅरियरने आणि दिव्यांनी आणखी आठ. गाडी सात फुटांवर गेली. मॉलच्या तळघराच्या तोंडाशी २.१ मीटरची पाटी असते, म्हणजे सात फुटांना थोडीशीच कमी. पहिल्या खेपेला दिव्यांच्या पट्टीने ती पाटी बरोबर आडवी घेतली. त्या दिवसापासून भाचेसून भाजी आणायला रिक्षाने जाऊ लागली.

आणि आजी. भाच्याची आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढे आहेत. गाडी मूळची होती तेव्हा त्या दांडी धरून, राम म्हणत पुढच्या सीटवर चढत. गाडी उंच झाल्यावर रामाचा इलाज चालेना. तेव्हा घरातले प्लॅस्टिकचे स्टूल बरोबर न्यायची पद्धत पडली. आजींनी स्टुलावर पाय ठेवून आत बसायचे, मग स्टूल उचलून टपावरच्या कॅरियरला बांधायचे. एवढे जाडजूड कॅरियर. पण माझ्या पाहण्यात त्यावर त्या स्टुलाखेरीज दुसरे सामान कधी चढले नाही.

मिस्त्रींची शेड सोळा नंबरच्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत या वागळे इस्टेटीची गणना होते. रस्त्यांना नावे न देता नंबर दिलेले, आणि नंबरांचा क्रम नवख्याला कधी उलगडत नाही. एके काळी इथे पाळी सुटल्याचा भोंगा झाला की किसननगरच्या बाजूला माणसांचा लोंढा लागे. आता त्यांतले पुष्कळ कारखाने गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यांत गळ्यात पट्टा अडकवलेली मुले-मुली कामाला जातात. पण दोन काचेच्या इमारतींच्या मध्ये एखादी पत्र्याची शेड अजून सापडते. आत लेथ फिरतो आहे, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, आणि दारात गाड्या तिष्ठत उभ्या आहेत.

मिस्त्री साठीच्या घरातले, मूळचे पाटणकडचे. वडील इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. भाच्याची गाडी दारात लागली तेव्हा ते कुणाच्या तरी रिक्षाचे इंजिन पाहत होते. त्यांनी मान वर केली, गाडीकडे पाहिले, भाच्याकडे पाहिले आणि पोऱ्याला एवढेच सांगितले, "वर चढ. सतरावा नग काढ."

तेव्हा मी वर पाहिले. शेडला अंगासरशी लोखंडी अँगलचा माळा होता, आणि त्या माळ्यावर कोकणातल्या घरी ओट्यावर नारळ रचावेत तशा स्प्रिंगा रचलेल्या होत्या. प्रत्येक जोडाला तारेने शॉकअप बांधलेले, आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने गाडीचा नंबर. काही नंबर एमएच ०४ चे, म्हणजे ठाण्याचे. काही कल्याणचे, ०५ चे. एक-दोन तर नाशिकचे.

"हे काय आहे?" मी विचारले.

"लोकांच्या मूळच्या स्प्रिंगा," मिस्त्री म्हणाले. "उंच करून घेतात, जुने सामान इथेच टाकून जातात. म्हणतात, भंगारात घाला. मी घालत नाही. नंबर टाकून ठेवतो. वर्ष-दोन वर्षांत येतातच."

"सगळे येतात?"

"काही गाडी विकून टाकतात. त्यांचे सामान राहते."

येथे भाच्याने खाली मान घातली. झाले होते ते असे. स्प्रिंगा उंच करण्याचे काम याच मिस्त्रींनी केले होते, आणि करताना बजावले होते की टायर मूळच्याच मापाचे राहू द्या. मोठे घालायचेच असतील तर आधी इथे या, ब्रेकच्या नळ्या पुन्हा बांधाव्या लागतील. भाच्याने हो म्हटले आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दुकानातून ३३ इंची टायर बसवून घेतले. ते आत घासू लागले, म्हणून चाके बाहेर ढकलणाऱ्या लोखंडी चकत्या घातल्या. मिस्त्रींकडे फिरकला नाही. त्या दुकानाचे नाव मी घेत नाही. त्याने मागितले ते त्यांनी दिले.

गाडी रॅम्पवर चढली आणि पाने फिरू लागले. मिस्त्री बोलके नाहीत. पण एकेक नग काढताना त्याच्याबद्दल दोन वाक्ये बोलायची त्यांची रीत आहे, आणि त्या दुपारी मला जेवढे यंत्रशास्त्र कळले तेवढे सबंध जन्मात कळले नव्हते.

पहिल्याने टायर उतरले. मूळचे चाक ३१ इंच उंचीचे, नवे ३३. म्हणजे गाडी जमिनीपासून वर गेली ती त्याच्या निम्मी, एक इंच. या एका इंचासाठी चाकाचे वजन कित्येक किलोंनी वाढते. जड चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त आणि थांबवायला ब्रेकला जास्त. मायलेज खाली येते, घाटात गिअर एक पायरी आधी टाकावा लागतो. काटाही खोटे बोलू लागतो. चाक मोठे म्हणजे एका फेऱ्यात ते जास्त अंतर तोडते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या वेगात असते. पाचवे चाक, आपण ज्याला स्टेपनी म्हणतो, ते या गाडीत मागच्या दाराला टांगलेले असते. दार मूळच्या वजनासाठी केलेले. भाच्याच्या गाडीचे मागचे दार वर्षभरात बिजागरीतून खाली बसले होते, आणि लावताना त्याला गुडघ्याने आधार द्यावा लागे. भाचा म्हणत असे, दार बंद करायची ती एक खुबी आहे.

मग स्प्रिंगा. उंच स्प्रिंगा घातल्या की गाडी खडकावरून अलगद जाईल असे आपल्याला वाटते. मिस्त्रींनी मला वाकायला लावले आणि मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा दाखवला. त्यातून जोर दोन्ही चाकांना वाटला जातो. हा गोळा चाकांच्याच आसावर बसलेला; स्प्रिंगा कितीही उंच करा, वर जाते ते गाडीचे अंग, गोळा असतो तिथेच असतो. "आणि दगड लागतो तो यालाच," मिस्त्री म्हणाले. पुढच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे चाकांकडे जोर नेणारे दांडे जवळजवळ आडवे असतात. गाडी उंच केली की ते उतरत्या कोनात फिरू लागतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट ताणून फाटतात, ग्रीस बाहेर येते आणि चिखल आत जातो. एका बाजूचा बूट फाटलेला होताच. बोट लावले तर बोटाला ग्रीसऐवजी वाळू आली.

जुन्या जीपांत आणि मारुतीच्या जिप्सीत (ती १९८५ साली निघाली) स्प्रिंगांच्या जागी लोखंडी पाटे असत. त्या काळी पाट्यांच्या टोकांच्या कड्या लांब करून गाडी उंच करण्याची युक्ती फार चाले, कारण ती स्वस्त. पण कडी लांब केली की पुढचा आस किंचित कलतो, स्टिअरिंग आपण होऊन सरळ व्हायचे विसरते, आणि एखाद्या खड्ड्यानंतर सारी गाडी हातात अशी थरथरू लागते की थांबल्याखेरीज गत्यंतर नसते. मिस्त्रींचे उस्ताद कुर्ल्याला होते. त्यांची गोष्ट त्याहून जुनी. १९७३ सालानंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा पेट्रोलच्या जीपांतून मूळचे इंजिन काढून पर्किन्सचे डिझेल इंजिन घालायची साथ आली. खर्च वाचला खरा, पण ते इंजिन जड आणि हादरे देणारे. वर्षाकाठी चासीला तडे जात आणि वाचलेला पैसा वेल्डिंगवाल्याकडे जाई. पुढे कारखान्यानेच प्यूजोचे डिझेल इंजिन बसवलेल्या जीपा काढल्या, तेव्हा कुठे ती साथ ओसरली. म्हणजे ही हौस आजकालच्या पोरांचीच आहे, असे म्हणायची सोय राहिली नाही. मी म्हणणार होतो.

बंपर काढायला तिघे लागले. लोखंडी बंपर, त्यात चाळीसएक किलोंची विंच; एवढे ओझे गाडीच्या नाकावर बांधल्यावर नव्या स्प्रिंगाही पुढून बसल्या होत्या. विंच वर्षभरात एकदाच चालवली गेली. सोसायटीतला गुलमोहर वादळात आडवा झाला, तो बाजूला ओढायला. झाड हलले नाही. गाडी झाडाकडे गेली. या लोखंडी बंपरांविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडले होते, आणि ते विनाकारण नव्हते. हल्लीच्या गाडीचे नाक मुद्दाम चुरडण्यासाठी केलेले असते. ते चुरडताना धक्का पितात, आणि त्या चुरडण्यावरूनच आतल्या पिशव्यांना फुगायची वेळ कळते. समोर लोखंड बांधले की धक्का सरळ आत येतो आणि पिशवीचा अंदाज चुकतो. रस्त्यावरच्या माणसाला ते लागले तर काय होईल, ते लिहायला नको.

स्नॉर्केल मात्र निघाले तरी गेले नाही. इंजिनाला हवा वरून मिळावी, म्हणजे पाण्यात गाडी बंद पडू नये, यासाठी हे नळकांडे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच ते लावून येते. तिथे ते शोभते आणि चालते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून आपल्याकडे मोटारवाल्यांच्या मनात पाण्याची धास्ती बसली आहे, हेही खरे. पण ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबते ते गुडघ्याएवढे. भाच्याची गाडी मूळचीच ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांवर पाण्यातून जाईल अशी केलेली. त्याहून खोल पाण्यात शिरलेच, तर नळकांड्याने इंजिनाला हवा मिळेल, परंतु सीटखालच्या तारा, चाकांचे बेअरिंग आणि तो मागचा गोळा यांना कोण वाचवणार? आणि हे नळकांडे बसवायला मडगार्डाला मनगटाएवढे भोक पाडावे लागते. मिस्त्रींनी त्यावर पत्रा मारून रंग दिला. उन्हात पाहिले की ठिगळ दिसते. ते तसेच राहणार.

दिव्यांच्या पट्टीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ती शहरात समोरच्याचे डोळे दिपवते, आणि घाटातल्या धुक्यात आपलेच. तिचा पुरता अनुभव आला तो श्रावणात, माळशेजला.

त्या दिवशी गाडीत भाचा, पुढे आजी, मागे ताई आणि भाचेसून; मुलगी आमच्याकडे राहिली होती. ओझर आणि लेण्याद्री करून मंडळी परत निघाली. माळशेज घाट उतरायला लागेपर्यंत चार वाजले होते, पण धुके असे की दिवस मावळल्यासारखे वाटावे. भाच्याने टपावरची पट्टी लावली, तर समोर पांढरी भिंत उभी राहिली. ती विझवली तेव्हा रस्ता दिसू लागला. दोन वळणे गेली. तिसऱ्या वळणाला ब्रेकवर पाय ठेवला, तो पाय खाली गेला आणि जात राहिला. समोर तांबडा दिवा लागला.

स्प्रिंगांमुळे ताणलेली ब्रेकची रबरी नळी, आणि चकत्यांवर बसवलेले रुंद टायर. स्टिअरिंग पुरते वळले की टायरची कड नळीला घासत होती. महिनोन्‌महिने घासत होती. घाटात, वळणावर वळण घेता घेता, ती फाटली.

देवाची कृपा म्हणा किंवा एंजिनियरांची, हल्लीच्या गाड्यांत ब्रेकचे ऑइल दोन वेगळ्या वाटांनी नेलेले असते. एक वाट फुटली तरी दुसरी उरते. थोडासा ब्रेक शिल्लक होता. भाच्याने गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, मग पहिल्या, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या कडेला गटारात दोन चाके घातली. गाडी कलली, खडकाला घासली आणि थांबली. टपावरचे स्टूल सुटून रस्त्यावर पडले आणि उतारावरून गडगडत गेले.

भाचेसून सांगते की पुढे बराच वेळ गाडीत कुणी बोलले नाही. ताईने पुढे हात घालून सासूबाईंचा खांदा धरला होता, तो तसाच धरून होती. पहिल्यांदा बोलल्या त्या आजी. म्हणाल्या, "मला खाली उतरवा." आणि खाली उतरवता येईना. गाडी उंच, त्यात कललेली, पाऊस कोसळतो आहे, आणि स्टूल गेलेले. त्यांना उचलून घ्यावे तर भाच्याचे हात थरथर कापत होते.

मागून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी कडेला लावली, उतरून आधी एक धोंडा आमच्या गाडीच्या चाकापुढे सरकवला, मग विचारले कुणाला लागले का. कंडक्टर खालच्या वळणावरून स्टूल घेऊन आला. आजी त्यावर पाय ठेवून उतरल्या आणि एसटीतून कल्याणला आल्या, ताई त्यांच्याबरोबर. भाचा आणि भाचेसून मुरबाडहून क्रेन येईपर्यंत तिथे भिजत उभी होती. त्या ड्रायव्हरचे नाव विचारायचे राहिले, याची ताईला अजून चुटपुट आहे.

विम्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याने फोटो काढले आणि शांतपणे विचारले, "टायर मूळच्या मापाचे आहेत का? कंपनीला कळवले होते का?" भाच्याने अर्जच मागे घेतला. तेव्हा त्याने कायदा पहिल्यांदा वाचला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या रचनेत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच पुन्हा ठणकावून सांगितले. रंग बदलणे, रीतसर मान्यता घेऊन गॅसचा संच बसवणे, या गोष्टी वेगळ्या. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाच्याने बोटांवर मोजले. टायर, चकत्या, स्प्रिंगा, बंपर, विंच, नळकांडे, कॅरियर, दिवे; आठ बोटे झाली.

मी मिस्त्रींना विचारले, "कायदा असा आहे, तर तुम्ही हे काम करता कसे?"

त्यांनी हात पुसले. "मी नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जातात. तो सामान भंगारात घालतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या भाच्याचे हे शेवटचे. त्यानंतर मी कुणाची गाडी उंच केली नाही. माळशेजची बातमी मला क्रेनवाल्याने सांगितली."

पहिले उत्तर मला पटले नव्हते, आणि मी तसे बोलणारही होतो. दुसरे ऐकल्यावर बोललो नाही.

या हौसेला जागाच नाही असे नाही. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची शर्यत भर पावसाळ्यात होते. तिथे चिखलातून आणि नाल्यांतून गाड्या अशा काही जातात की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. त्या गाड्यांना उंच स्प्रिंगाही असतात आणि विंचही. परंतु त्यांचे आस, सांधे, ब्रेक, सगळेच त्या कामासाठी नव्याने केलेले असते. आत बसणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. आणि त्यांतल्या पुष्कळ शर्यतीच्या जागेपर्यंत ट्रकवर बसून येतात. त्यांतून कुणी आजीला ओझरला नेत नाही.

मग साध्या माणसाने रस्ता सोडून जायचेच म्हटले तर काय करावे, हेही मी मिस्त्रींना विचारून घेतले. वाचकांत हौशी मंडळी असतीलच. ते म्हणाले, मूळच्याच मापाचे, पण जाड नक्षीचे टायर घ्या. पोटाखाली जाड पत्रा बसवून घ्या. ओढायचा पट्टा, फावडे, हवा मोजायचे घड्याळ आणि हवा भरायचा छोटा पंप गाडीत ठेवा. वाळूत किंवा चिखलात शिरण्यापूर्वी टायरमधली हवा तीस-बत्तीस पौंडांवरून अठरा-वीसवर आणा. टायर पसरतो, जमीन धरतो, आणि रुतणारी गाडी चालू लागते. डांबरी रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरा. "ह्याला पैसा लागत नाही, म्हणून कुणी करत नाही," असे म्हणून त्यांनी बिडी पेटवली.

संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा पहिल्यासारखी झाली. सतरावा नग माळ्यावरून उतरला, त्यावरची धूळ पुसून जागच्या जागी बसला. मूळचा बंपर आणि टायर भाच्याने सोसायटीच्या गच्चीवर ठेवले होते. ते घेऊन येणारा टेंपो वाटेत तीन हात नाक्याला अडकला, म्हणून तासभर थांबावे लागले. त्या तासात एक मुलगा कोरी करकरीत गाडी घेऊन शेडच्या दारात आला. वीस-बावीसचा असेल. बाहेरूनच म्हणाला, "काका, लिफ्ट करून मिळेल ना?"

मिस्त्रींनी माळ्याकडे बोट दाखवले. "आधी ते नंबर वाच."

मुलाने वर पाहिले. तो नंबर वाचत होता की नुसते पाहत होता, कळले नाही. भाचा त्याच्याजवळ गेला आणि काही तरी सांगू लागला. मला लांबून हातवारे दिसत होते, पाय खाली गेल्याचा, स्टिअरिंग वळवल्याचा. मुलगा आदबीने ऐकत होता. पण त्याची नजर राहून राहून भाच्याच्या उतरवून ठेवलेल्या ३३ इंची टायरांकडे जात होती. शेवटी त्याने विचारले, "दादा, हे विकणार का?"

भाच्याने विकले नाहीत. ते आता मिस्त्रींच्या शेडमागे पडले आहेत आणि पावसाचे पाणी साठून डास होऊ नयेत म्हणून त्यांना भोके पाडली आहेत.

भाऊबीजेला ताई आणि तिच्या सासूबाई आमच्याकडे आल्या त्या याच गाडीतून. आजी दांडी धरून, राम म्हणत, आपल्या आपण उतरल्या आणि मागे वळून गाडीकडे पाहत म्हणाल्या, "ही नवी घेतली का रे?" भाच्याने काही उत्तर दिले नाही. ते स्टूलही ताईने बरोबर आणले होते, आमच्याकडे आकाशकंदिलाचा बल्ब गेला होता म्हणून. मी त्यावर चढलो तेव्हा भाच्याने दोन्ही हातांनी ते धरून ठेवले. घाटातून गडगडत गेल्यापासून त्याचा एक पाय डुगडुगतो.